हाताची काटकसर, जिभेची काटकसर

इंग्रजी साहित्याच्या वर्गात शेक्सपिअरचे नाटक प्रथमच उघडले जाते तेव्हा विद्यार्थ्यांची पहिली अडचण कथानकाची नसते आणि पात्रांचीही नसते. ती असते शब्दांच्या खांद्यावर बसलेल्या, उलट्या स्वल्पविरामासारख्या दिसणाऱ्या एका चिन्हाची. ‘इट इज’चे ’टिज झालेले असते, ‘इट वॉज’चे ’ट्वॉज, ‘ओव्हर’चे ओ’र, ‘नेव्हर’चे ने’र आणि ‘देम’चे ’एम. विद्यार्थी विचारतो, हे असे का? आणि बहुतेक वर्गांत त्याला एकच उत्तर मिळते : वृत्तासाठी. ओळीत मात्रा बसत नव्हती म्हणून कवीने अक्षर गाळले. हे उत्तर आम्हीही आमच्या शिक्षकांकडून ऐकले, परीक्षेत लिहिले, आणि पुढे शिकवण्याची वेळ आली तेव्हा विनासंकोच सांगितलेही. प्रस्तुत लेख एका अर्थी त्या उत्तराचे प्रायश्चित्त आहे.

या उत्तराला पहिला तडा जातो तो अगदी साध्या निरीक्षणाने. ही रूपे गद्यातही आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांतले विदूषक, नोकरचाकर आणि मद्यपी सरदार पुष्कळदा गद्यात बोलतात, आणि त्यांच्या तोंडी ही रूपे पद्याइतकीच मोकळेपणाने येतात. विल्यम कॉन्ग्रीव्हचे ‘लव्ह फॉर लव्ह’ हे १६९५ मधील नाटक तर गद्यातच आहे आणि तेही आखूड रूपांनी भरलेले आहे. जेथे वृत्तच नाही तेथे वृत्ताची सबब कशी चालावी? तेव्हा प्रश्न पुन्हा मुळापासून विचारायला हवा : जुन्या इंग्रजी लेखनात शब्द आखूड होतो तो नेमका कोणाच्या सोयीसाठी?

आमच्या मते याची उत्तरे दोन आहेत, आणि ती एकमेकांपासून वेगळी ठेवली नाहीत तर जुने इंग्रजी पान चुकीचे ऐकू येते. हा भेद मराठी वाचकाला परका नाही. पत्राच्या मायन्यात आपण ‘सा. न. वि. वि.’ लिहितो. ही हाताची काटकसर. मोठ्याने वाचताना आपण ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे पूर्णच वाचतो. ‘सानविवि’ असा शब्द मराठीत नाही. याउलट कादंबरीतले पात्र ‘काय करतोयस?’ असे विचारते तेव्हा ‘करतो आहेस’ या दोन शब्दांचा संकोच झालेला असतो, पण तो हाताने केलेला नसून जिभेने केलेला असतो. तेथे पूर्ण रूप वाचणे म्हणजे पात्राच्या तोंडचे वाक्य बदलणे होय. पहिल्या प्रकारात लिहिलेले आखूड आणि वाचायचे लांब. दुसऱ्या प्रकारात जसे लिहिले तसेच वाचायचे. जुन्या इंग्रजीत हे दोन्ही प्रकार एकाच पानावर, कधी एकाच ओळीत शेजारी शेजारी नांदतात. दिसायला ते सारखेच असतात आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

प्रथम हाताकडे पाहू. मध्ययुगीन इंग्लंडमधला लेखनिक चर्मपत्रावर लिहीत असे, आणि चर्मपत्र म्हणजे कमावलेले कातडे, अर्थातच महाग. लॅटिन ग्रंथांच्या नकला करताना शतकानुशतके तयार झालेली संक्षेपांची एक पद्धत त्याच्या हाती होती आणि तीच त्याने इंग्रजीलाही लावली. स्वरावर आडवी रेघ काढली की पुढचा ‘एम’ किंवा ‘एन’ गाळला असे समजायचे. आपल्या अनुस्वाराशी याचे नाते केवळ कार्याचे आहे, कुळाचे नाही. पण देवनागरी वाचणाऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. ‘पी’च्या खालच्या दांड्याला छेद दिला की त्याचे ‘पर’ किंवा ‘पार’ होई. ‘विच’, ‘विथ’ यांसारख्या शब्दांचे पहिले अक्षर लिहून उरलेली एकदोन अक्षरे वर, बारीक काढली जात. ‘अँड’साठी सातच्या आकड्यासारखे एक चिन्ह होते. ते ज्या रोमन लघुलिपीतून आले ती परंपरेने सिसेरोचा चिटणीस टायरो याच्या नावावर जमा आहे. आज संगणकाच्या कळफलकावर जे ‘अँड’चे वेटोळे चिन्ह दिसते तेही असेच : ‘एट’ या लॅटिन शब्दाची दोन अक्षरे एकमेकांत गुंतून त्याचा जन्म झाला. या सर्व खुणा डोळ्यांसाठी होत्या. त्या काळचा वाचक त्या पाहताक्षणी उलगडून पूर्ण शब्द उच्चारत असे.

यांतल्या एका खुणेची गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. इंग्रजीतल्या ‘द’ आणि ‘थ’ या उच्चारांसाठी जुन्या लिपीत ‘थॉर्न’ नावाचे एकच अक्षर होते. आइसलँडच्या भाषेत ते आजही आहे. ‘द’ हे उपपद लिहिताना लेखनिक थॉर्न काढून त्याच्यावर बारीक ‘ई’ ठेवीत. काळाच्या ओघात अनेकांच्या हस्ताक्षरात थॉर्नची आकृती ‘वाय’सारखी दिसू लागली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला, पण मुद्रणाची कला आणि खिळे युरोप खंडातून आलेले होते व त्यांत थॉर्नला स्थान नव्हते. मग छापताना थॉर्नच्या जागी ‘वाय’चा खिळा बसवण्याची रीत पडली. परिणामी ‘द’ हा शब्द कागदावर ‘वाय’ आणि वर ‘ई’ असा दिसू लागला. उच्चार मात्र ‘द’ असाच राहिला. १६११ च्या राजमान्य बायबलच्या मूळ छापील प्रतीतही काही अरुंद ओळींत हे रूप सापडते. पुढे थॉर्नची आठवण पुसली गेली. मग जुनेपणाचा साज चढवू पाहणाऱ्या खाणावळींनी आणि दुकानांनी आपल्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असे शब्द रंगवले आणि लोक ते ‘यी’ असेच वाचू लागले. असा उच्चार इंग्लंडमध्ये कोणी कधी केलेला नव्हता! हाताची काटकसर जिभेची समजली गेली की काय होते याचा यापेक्षा ठसठशीत नमुना आम्हाला ठाऊक नाही.

छापखान्यात या काटकसरीला आणखी एक कारण मिळाले. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला प्रत्येक ओळ ठरावीक रुंदीत बसवावी लागे. ओळ वाढत असली की तो स्वरावर रेघ देऊन एक खिळा वाचवी, ‘द’चे आखूड रूप वापरी, जागा उरत असली की शब्दाच्या शेवटी एखादा जादा ‘ई’ही लावी. तेव्हा जुन्या पुस्तकातील प्रत्येक संकोच हा लेखकाचा असतोच असे नाही. तो कधी चर्मपत्राच्या किमतीचा, तर कधी ओळीच्या रुंदीचा असतो.

आता जिभेकडे वळू. बोलताना शब्द झिजतात, एकमेकांत मिसळतात, हे कोणत्याही भाषेत घडते. ते कागदावर दाखवायला मात्र चिन्ह लागते. ते चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, इंग्रजीत आले ते सोळाव्या शतकात, फ्रेंच मुद्रणाच्या वाटेने. फ्रान्समध्ये जॉफ्रॉय तोरी याने १५२९ मध्ये या चिन्हाचा पुरस्कार केला होता. त्याचे मूळचे काम आपल्या अवग्रहासारखे : येथे एक स्वर होता, तो आता उच्चारायचा नाही, एवढेच सांगण्याचे. संबंधवाचक ‘एस’च्या आधी ते बसवण्याची आजची पक्की पद्धत पुष्कळ नंतरची आहे.

या चिन्हाने इंग्रजांचे बोलणे प्रथमच बारकाईने कागदावर उतरू लागले. ‘इन द’ हे दोन शब्द एका झटक्यात उच्चारले जात, तसेच ते छापले जाऊ लागले. ‘आय प्रे दी’, म्हणजे मी तुझी विनवणी करतो, याचे ‘प्रिदी’ झाले. ‘गॉड बी विथ यू’, म्हणजे देव तुझ्याबरोबर असो, हे निरोपाचे वाक्य आखडत आखडत आजच्या ‘गुडबाय’पर्यंत येऊन पोचले. गेब्रिएल हार्वे याच्या १५७३ मधील एका पत्रात त्याचे अर्धवट झिजलेले एक रूप सापडते. पुढे ‘गुड डे’सारख्या अभिवादनांच्या संगतीने त्यातल्या ‘गॉड’चे ‘गुड’ झाले. आज निरोप घेणाऱ्या कोणालाही आपण देवाचे नाव घेतो आहोत याची जाणीव नसते.

’टिज आणि आजचे ‘इट्स’ यांचा संबंधही असाच पाहण्यासारखा आहे. मूळ शब्द दोन्हीकडे तेच, ‘इट’ आणि ‘इज’. शेक्सपिअरच्या काळातल्या जिभेने पहिल्या शब्दाचा स्वर गिळला म्हणून ’टिज झाले. पुढच्या पिढ्यांनी दुसऱ्या शब्दाचा स्वर गिळला म्हणून ‘इट्स’ झाले. दोन्ही रूपे सारखीच आखूड आणि सारखीच बोलीतली. एक आज आपल्याला काव्यमय वाटते आणि दुसरे रोजच्या वापरातले, याचे कारण त्यांच्या अंगी असलेला कोणताही गुण नव्हे. एक मागे पडले, दुसरे टिकले, इतकेच. ज्या चिन्हाकडे पाहून आमचे विद्यार्थी दबकतात ते एके काळी बाजारातल्या बोलण्याचे चिन्ह होते.

तर मग वृत्ताचा काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो उलट दिशेने आहे. कवीने वृत्तासाठी शब्द मोडला नाही. बोलण्यात आधीच दोन रूपे खेळत होती, त्यांतले ओळीला मानवेल ते त्याने उचलले. भूतकाळाच्या ‘एड’ या प्रत्ययाचे उदाहरण घ्या. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, या प्रत्ययातला स्वर सामान्यतः उच्चारला जाई. १६०० च्या सुमारास तो बोलण्यातून पुष्कळ अंशी निघून गेला होता, पण पूर्ण उच्चार अजून परका झाला नव्हता. म्हणून त्या काळच्या छापील पद्यात पुष्कळदा अशी व्यवस्था दिसते : स्वर गाळायचा असेल तेथे चिन्ह देऊन नुसता ‘डी’, उच्चारायचा असेल तेथे पूर्ण ‘एड’. आजच्या अनेक आवृत्त्यांनी ही व्यवस्था उलटी केली आहे. आता गाळलेला स्वर गृहीत धरून सर्वत्र ‘एड’ छापतात आणि जेथे तो उच्चारायचा तेथे ‘ई’वर एक तिरपी खूण देतात. जुन्या पानावर खूण होती ती गेलेल्या स्वराची. नव्या पानावर खूण आहे ती राहिलेल्या स्वराची. मधल्या काळात भाषेची जी सवय बदलली तिचा इतिहास एवढ्या एका खुणेच्या स्थलांतरात साठलेला आहे. विद्यार्थ्याला हे सांगितले, तर ओळ कशी म्हणायची हे त्याला कळते. ‘वृत्तासाठी’ एवढेच सांगितले, तर काहीच कळत नाही.

लेखन आणि उच्चार यांची ही फारकत त्या काळच्या लोकांनाही जाणवत होती. रिचर्ड हॉजेस नावाच्या शिक्षकाने १६४३ मध्ये शुद्धलेखनावर एक पुस्तक लिहिले. क्रियापदांच्या शेवटी आपण ‘एथ’ लिहितो खरे, पण बोलताना ‘एस’च म्हणतो, असे त्याने त्यात नोंदवले आहे. म्हणजे पूर्ण, भारदस्त रूप कागदावर आणि आखूड रूप तोंडात! बेन जॉन्सन याने दुसराच मार्ग काढला. त्याच्या नाटकांत कित्येक ठिकाणी दोन शब्दांच्या मध्ये लोपाचे चिन्ह असते, पण एकही अक्षर गाळलेले नसते. डोळ्यांना पूर्ण शब्द दिसावेत आणि जिभेला ते जोडून म्हणण्याची सूचनाही मिळावी, अशी ही दुहेरी सोय. त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी व्याकरणात या चिन्हाला स्वतंत्र विचार मिळालेला आहे. एवढ्याशा चिन्हाबद्दल इतकी आस्था बाळगणारा हा लेखक स्वतः रंगभूमीवरचा होता, हे ध्यानात घ्यावे. नटाच्या तोंडून शब्द कसा बाहेर पडणार याची काळजी त्याच्याइतकी कोणाला असणार?

काही संकोचांमागे मात्र जिभेच्या सोयीपेक्षा निराळे कारण होते : भीती, किंवा निदान मर्यादा. देवाच्या नावाने शपथ घेणे पाप, म्हणून शपथेतला देव गाळायचा आणि शपथ ठेवायची. ‘गॉड्ज वून्ड्ज’, म्हणजे देवाच्या जखमांची शपथ, याचे झाले ‘झून्ड्ज’. देवाच्या रक्ताच्या शपथेतून पहिला शब्द गळाला आणि त्याचा शेवटचा ‘एस’ तेवढा ‘ब्लड’ला चिकटून राहिला. १६०६ मध्ये इंग्लंडच्या संसदेने नटांच्या गैरवर्तनाला आळा घालणारा कायदा केला. रंगमंचावर थट्टेने किंवा अनादराने ईश्वराचे अथवा ख्रिस्ताचे नाव घेतल्यास प्रत्येक अपराधाला दहा पौंड दंड. त्यातला अर्धा राजाला आणि अर्धा खटला भरणाऱ्याला. याचा परिणाम ‘ऑथेल्लो’च्या दोन जुन्या प्रतींत स्पष्ट दिसतो. १६२२ मध्ये स्वतंत्रपणे छापलेल्या नाटकात या आखूड शपथा आहेत. १६२३ च्या मोठ्या संग्रहात त्या गाळलेल्या किंवा सौम्य केलेल्या आहेत. या नाटकातली इयागोची पहिलीच शपथ एका प्रतीत आहे आणि दुसरीत नाही. शपथ घेणारा इयागो आणि न घेणारा इयागो ही एकाच तोलाची माणसे नव्हेत. एवढेसे आखूड रूप जाते तेव्हा त्याच्याबरोबर पात्राचा पोतही थोडा जातो.

आखूड रूपांत किती दडलेले असते याचा खरा पुरावा मात्र विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी पुढे आणला. इंग्लंडमध्ये त्या काळी दोघा-तिघांनी मिळून नाटक लिहिणे नित्याचे होते, आणि कोणी कोणता अंक लिहिला याची नोंद क्वचितच राहिली. भव्य उपमा, तत्त्वचिंतन, शैलीचा डौल यांवरून कर्ता ओळखायला जावे, तर त्यांचे अनुकरण करता येते. पण ‘देम’ म्हणायचे की ’एम, ‘हॅथ’ की ‘हॅज’, हे कोणी ठरवून लिहीत नाही. ती हाताची नव्हे, मनातल्या कानाची सवय असते. विलर्ड फार्नहॅमने १९१६ मध्ये बोमंट, फ्लेचर, मॅसिंजर आणि शेक्सपिअर यांच्या बोलीतल्या संकोचांवर निबंध लिहिला. सायरस हॉय याने १९५६ ते १९६२ या काळात सात भागांच्या लेखमालेत फ्लेचर आणि त्याच्या सहकाऱ्यांची नाटके अशाच रूपांच्या गणतीने उलगडली. फ्लेचरला ’एम आणि ‘यू’ऐवजी ‘यी’ यांची विलक्षण आवड. मॅसिंजर ‘यी’ जवळजवळ टाळतो आणि ‘हॅथ’ धरून ठेवतो. (हे ‘यी’ सर्वनाम आहे आणि ते तसेच उच्चारायचे. वर सांगितलेले, ‘वाय’ने लिहिलेले उपपद याच्यासारखेच दिसते, पण ते वेगळे. एक जिभेचे, दुसरे हाताचे!)

याहून रंजक प्रकरण ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजिडी’चे. हे नाटक १६०७ मध्ये कर्त्याच्या नावाविना छापले गेले. १६५६ मध्ये एका पुस्तकविक्रेत्याने यादीत ते सिरिल टर्नरच्या नावावर घातले आणि त्यानंतर जवळजवळ तीन शतके ते टर्नरचेच समजून वाचले गेले. डेव्हिड लेकने १९७५ मध्ये आणि मॅकडॉनल्ड जॅक्सनने १९७९ मध्ये नाटकातली बारीकसारीक रूपे मोजून दाखवली. ‘आय अ‍ॅम’चे ‘आय’म’, ‘ईव्हन’चे ई’न, ने’र, ’एम ही सगळी ठेवण थॉमस मिडल्टनच्या निर्विवाद नाटकांशी जुळत होती, टर्नरच्या ‘द एथिइस्ट्स ट्रॅजिडी’शी नव्हे. २००७ मध्ये ऑक्सफर्डने मिडल्टनचे समग्र साहित्य प्रसिद्ध केले त्यात हे नाटक त्याच्या नावाने समाविष्ट आहे. एका लेखकाला त्याची श्रेष्ठ कृती परत मिळाली ती अशा रूपांच्या साक्षीने. कोणी संपादकाने शतकापूर्वी ‘शुद्ध’ करण्याच्या भरात ही रूपे सर्वत्र पूर्ण केली असती आणि मूळ प्रती नष्ट झाल्या असत्या, तर ही साक्ष कायमची मुकी झाली असती.

अर्थात या पुराव्यालाही मर्यादा आहेत आणि त्या अभ्यासकांनी स्वतःच सांगितल्या आहेत. लेखक आणि छापील पान यांच्या मध्ये नक्कल करणारे आणि खिळे जुळवणारे हात येतात. राल्फ क्रेन नावाचा व्यावसायिक लेखनिक शेक्सपिअरच्या नाटक मंडळीसाठी नकला करी. १६२३ च्या संग्रहातले ‘द टेम्पेस्ट’ त्याच्या नकलेवरून छापले गेले असे मानले जाते. क्रेनला कंस, जोडरेघा आणि लोपचिन्हे यांचा फार सोस. त्याच्या हाताखालून गेलेल्या नाटकात चिन्ह दिसले, तर ते शेक्सपिअरचे की क्रेनचे, हे सांगणे सोपे नाही. म्हणूनच केवळ एका रूपावर कोणी निकाल देत नाही. अनेक रूपे, अनेक नाटके आणि अनेक छापखाने ताडून पाहावे लागतात. हात आणि जीभ यांच्यातला भेद ओळखण्याचे काम येथे आणखी बारीक होते, पण भेद तोच राहतो.

हे सारे असताना ‘वृत्तासाठी’ हे उत्तर आले कोठून? ते जुने आहे आणि त्यामागे एक मोठे नाव उभे आहे. जोनाथन स्विफ्टने सप्टेंबर १७१० मध्ये ‘द टॅटलर’ या नियतकालिकात आखूड शब्दांवर जोरदार हल्ला चढवला. ‘मोबिले व्हुल्गुस’ या लॅटिन शब्दांचे तुकडे करून बनवलेला ‘मॉब’, म्हणजे जमाव, त्याला विशेष खटकत असे. पुढे १७१२ मध्ये इंग्रजी भाषा सुधारून कायमची स्थिर करण्याची योजना त्याने अर्ल ऑफ ऑक्सफर्डपुढे मांडली. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतरच्या कवींनी ओळीत बसवण्यासाठी शब्द छाटले आणि त्यातून भाषा कर्कश, व्यंजनबहुल झाली, असा आरोप तीत आहे. त्याच्या आदल्याच वर्षी जोसेफ अ‍ॅडिसनने ‘द स्पेक्टेटर’मध्ये ‘कान्ट’, ‘शान्ट’, ‘वोन्ट’ या रूपांची कुरकुर करीत त्यांचे मूळ इंग्रजांच्या मितभाषी स्वभावात शोधले होते. तक्रारी दोघांच्या मिळत्याजुळत्या, निदान मात्र निराळे. भाषेने दोघांचेही ऐकले नाही. ‘मॉब’ टिकला, ‘कान्ट’ही टिकला.

पण याच स्विफ्टची दुसरी बाजू त्याच्या खाजगी पत्रांत आहे. १७१० ते १७१३ या काळात लंडनहून तो डब्लिनला एस्थर जॉन्सन आणि तिची सोबतीण रिबेका डिंग्ली यांना पत्रे लिहीत होता. ‘जर्नल टू स्टेला’ या नावाने ती ओळखली जातात. या पत्रांत तो स्वतःला, तिला आणि त्या दोघींना दोन-चार व्यंजनांच्या संक्षेपांनी संबोधतो. त्यांचे अर्थ आज अंदाजानेच सांगता येतात. मध्येच बोबड्या बोलांची एक खास भाषा येते, तीत शब्द मोडलेले, आखडलेले, लाडाने वाकवलेले असतात. ‘टॅटलर’मधला हल्ला ज्या शरद ऋतूत छापला गेला, त्याच दिवसांत ही पत्रे लिहिणे सुरू होते! आम्हाला यात ढोंग दिसत नाही. आखूड रूप म्हणजे जवळीक, हे स्विफ्टला पक्के ठाऊक होते. चारचौघांत ते येऊ नये, एवढाच त्याचा हट्ट होता.

या पत्रांचे पुढे जे झाले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. स्विफ्टच्या मृत्यूनंतर त्याचा आप्त डीन स्विफ्ट याने १७६८ मध्ये त्यांतली बरीचशी प्रसिद्ध केली. छापताना त्याने ते खाजगी संक्षेप काढून त्यांच्या जागी ‘प्रेस्टो’, ‘स्टेला’ अशी वाचनीय नावे घातली आणि बोबडी भाषा बहुतांशी गाळली. दुसऱ्यापासून चाळिसाव्यापर्यंतच्या या पत्रांच्या मूळ प्रती पुढे हरवल्या. पहिले पत्र आणि एकेचाळिसाव्यापासूनची मूळ पत्रे ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत, म्हणून तर ती भाषा कशी होती हे आपल्याला कळते. उरलेल्या एकोणचाळीस पत्रांत स्विफ्ट दोघींशी नेमक्या कोणत्या शब्दांत बोलत होता हे आता पूर्णपणे कधीच कळणार नाही. संपादकाचा हेतू वाईट नव्हता. वाचकाला अडखळू नये म्हणून त्याने पान स्वच्छ केले, आणि स्वच्छ करता करता त्यातला आवाज पुसून टाकला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आखूड रूपांची वाटणी होत गेली. ‘डोन्ट’ आणि ‘कान्ट’ बोलण्यात राहिली. गंभीर गद्याने त्यांना दाराबाहेर ठेवले. ओ’र, ने’र, ’ट्वॉज बोलण्यातून ओसरली आणि कवितेने त्यांना आश्रय दिला. सामान्य माणसांच्या खऱ्या भाषेचा कैवार घेणारी प्रस्तावना ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० च्या आवृत्तीला जोडणारा वर्डस्वर्थही आपल्या कवितेत ही रूपे वापरतच होता. आपल्याकडे इंग्रजी साहित्य शाळा-महाविद्यालयांतून शिकवले जाऊ लागले ते नेमके याच काळात; मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे ही रूपे आपल्यापर्यंत कानाने आली नाहीत, ग्रंथाने आली. ती कोणी रस्त्यात बोलत होते हे ऐकण्याची संधी आपल्या पूर्वसूरींना मिळालीच नाही. त्यामुळे आपण त्यांना काव्याचे अलंकार समजलो आणि ‘वृत्तासाठी’ हे उत्तर पिढ्यानुपिढ्या पुरले, यात नवल नाही.

गंमत म्हणजे ज्यांची ही मातृभाषा त्यांच्यातही या चिन्हाचा निवाडा झालेला नव्हता. ल्युइस कॅरलने १८९३ मध्ये एका प्रस्तावनेत असा आग्रह धरला की ‘शान्ट’मध्ये अक्षरे दोन ठिकाणी गाळली जातात, तेव्हा चिन्हेही दोन हवीत. बर्नार्ड शॉने नेमके उलट केले. असल्या शब्दांतून शक्य तेथे चिन्हच काढून टाकले. एकाला गळालेल्या प्रत्येक अक्षराचा हिशेब हवा होता. दुसऱ्याला तो हिशेब केव्हाच बंद झालेला दिसत होता.

वर्गात यापुढे काय करावे, याबद्दल आमची सूचना साधी आहे. जुने पान हाती आले की विद्यार्थ्याने प्रत्येक आखूड रूपाला आधी एकच प्रश्न विचारावा : हे उलगडून वाचायचे की जसेच्या तसे? स्वरावरची रेघ, वर चढवलेली बारीक अक्षरे, ‘वाय’च्या वेषातला थॉर्न, हे सारे उलगडावे. संपादकाने ते आपल्यासाठी आधीच उलगडले असेल, तर त्याचे आभार मानावेत. पण ’टिज, ’एम, ई’न यांना हात लावू नये. ती मोठ्याने, बोलल्यासारखी म्हणावीत, आणि ती पूर्ण करून ‘सोपी’ केलेली आवृत्ती समोर आली तर तिच्याकडे किंचित संशयाने पाहावे. आम्ही आमच्यापुरता एक प्रयोग करतो. इयागोच्या शपथा असलेले पान आणि नसलेले पान दोन विद्यार्थ्यांकडून लागोपाठ मोठ्याने वाचून घेतो, आणि यातला कोणता माणूस तुम्हाला मध्यरात्री आपल्या दाराशी उभा असलेला चालेल असे बाकीच्यांना विचारतो. मग मात्र कोणी वृत्ताचे नाव काढत नाही.